गोंदणाखालची नाडी

आमच्या सरांना नमस्कार केला की ते नमस्कार घेत नसत, नाडी घेत. एखाद्या मुलाने हात जोडले की त्यातला एक हात ते हलकेच सोडवून घ्यायचे, मनगटावर तीन बोटं टेकवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. मग वाचून झालेलं वर्तमानपत्र परत करावं तसा हात परत करायचे आणि म्हणायचे, "जागरण झालं." किंवा, "चहा जास्त झाला." किंवा नुसतंच, "बरं."

मुलींचा हात ते धरत नसत. आम्हाला स्वतःची नाडी स्वतः मोजून सांगावी लागे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पहिल्यांदा त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले तेव्हा आत येऊ का असं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मोज." मी कशीबशी मोजली. "सर, चौऱ्याण्णव."

"घाबरली का जिने चढून आली?"

दोन्ही खरं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भातकुलीजवळच्या आमच्या गावातून अमरावतीला येताना मला रस्त्याची भीती वाटत नसे, अशा दारांची वाटे. सरांनी माझी बोटं बघितली. ती थंडीने नव्हे, सवयीनेच गार असतात. "थंड हात," ते खूश होऊन म्हणाले. "चांगलं झालं. थंड हाताचा सिग्नल लवकर सापडत नाही. तू आमच्या कामाची." त्या दिवसापासून माझं नाव थंड हात पडलं. खरं नाव त्यांना शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. माझा जोडीदार गौरव अमरावतीच्याच राजापेठेतला, कपड्याच्या दुकानदाराचा मुलगा. त्याच्या हातावर महागडं घड्याळ होतं म्हणून तो शेठजी.

सरांचा स्वतःचा डावा हात बघण्यासारखा होता. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टे बांधून बांधून त्यावर फिकट आडवे चट्टे उठले होते. त्या हातावर वेळ दाखवणारं घड्याळ कधीच नव्हतं. किती वाजले ते दुसऱ्याला विचारत.

आम्ही मनगटावर बांधायचा पट्टा तयार करत होतो. त्याच्या आतल्या बाजूला हिरवा दिवा असतो. तो कातडीवर उजेड टाकतो. ठोक्यासोबत मनगटात रक्त भरून येतं तेव्हा ते जरा जास्त उजेड पिऊन टाकतं, ओसरलं की जरा जास्त उजेड परत येतो. परत येणारा उजेड मोजायचा आणि त्यावरून हृदयाचे ठोके. सुई नाही, टोचणं नाही, दंडाला फुगा नाही. असे पट्टे दुकानात मिळतात, मग आपण कशाला करायचे, असं गौरवने सुरुवातीलाच विचारलं होतं. सरांनी त्याच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "शेठजी, हे तुह्या हातासाठी केलं हाये. पऱ्हाटीतला कापूस वेचणाऱ्या हातासाठी कोणी काही केलं का? आपल्याकडे छातीत दुखलं तरी मानूस म्हणते गॅस झाला. डॉक्टरकडे जाते कधी? आडवा झाल्यावर."

वर्गात ते शुद्ध बोलत. प्रयोगशाळेत पाय टाकला की अकोल्याचे होत. राग आला किंवा माया आली तरी तेच.

कॉलेजातल्या मुलांवर पट्टा तपासून पाहायचा त्यांना तिटकारा होता. "तुमचे हात म्हणजे पोळ्याच्या दिवशी धुतलेले बैल. सगळेच चांगले दिसतात." खरी मनगटं म्हणजे बाजार समितीतल्या हमालांची, रसवंतीवाल्याची, वीटभट्टीवरच्या माणसांची. आणि रेल्वेतली. सर रोज अकोल्याहून बडनेऱ्याला गाडीने येत आणि संध्याकाळी परत जात. डब्यातल्या माणसांना पट्टा बांधून बघणं हा त्यांचा प्रवासातला उद्योग होता. एकदा गौरव आणि मी अकोल्याच्या बाजारात जायला त्यांच्यासोबत निघालो तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं. सरांनी समोरच्या धोतरवाल्या बाबांचा हात मागितला. बाबांनी तळवा वर करून दिला.

"महाराज, पोराची नोकरी कधी लागन तेवढं सांगा."

"मी हात नाही पाहत. मनगट पाहतो."

"मंग तेच ना. नवीन पद्धत असन."

सरांनी पट्टा बांधला. बांधता बांधता म्हणाले, "लागन, लागन. हात हलवू नका." मूर्तिजापूर येईपर्यंत निम्म्या डब्याने त्यांच्यासमोर हात धरले होते. कोणाला जमिनीचा निकाल हवा होता, कोणाला सुनेला दिवस जातील का ते. सर सगळ्यांना होईल, होईल म्हणत आणि लॅपटॉपवर उमटणारी लाट बघत. उतरल्यावर गौरवने चिमटा काढला. "सर, आपण लोकायले फसवून राहिलो ना?"

सर फलाटावरच थांबले. "नोकरीचं मी काहीही बोललो. पण कोणाच्या नाडीचं खोटं बोललो का? सांग."

मला तो प्रश्न त्यांनी फार जोरात विचारला असं वाटलं.

त्यांच्या स्वभावातलं सगळंच मला आवडायचं असं नाही. कौतुक त्यांच्या तोंडून निघत नसे. काम चुकलं तर दहा माणसांसमोर बोलत, बरोबर आलं तर पुढचं काम देत. सुट्टी मागितली की विचारत, "हृदय घेते का सुट्टी?" मी एकदा खोलीवर जाऊन रडलेही होते. पण आई आली त्या दिवशी त्यांच्याबद्दलचं माझं मत जरा बदललं.

बायकांची मापं घ्यायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. स्वतः ते कोणा बाईचं मनगट धरत नसत, डब्यातही नाही. मी वसतिगृहातल्या मैत्रिणींची घेतली, खानावळीतल्या दोन ताईंची घेतली. आई डबा घेऊन एसटीने आली तेव्हा तिलाही प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या भरगच्च बांगड्यांमुळे पट्टा बसेना. सर दाराबाहेर उभे होते. तिथूनच म्हणाले, "त्यांना बांगड्या काढायला सांग."

आईने मला सांगू दिलं नाही. "बांगड्या काहून काढू जी? हिचा बाप जिता हाये अजून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरून सरांचं हसू ऐकू आलं. "बरोबर हाये बाई. चूक पट्ट्याची हाये, बांगड्यायची नाही."

पुढच्या आठवड्यात पट्टा बदलला. रुंद झाला, मऊ झाला आणि बांगड्यांच्या वर, चार बोटं मागे बसू लागला. तिथे नाडी शोधायला आम्हाला महिना लागला. सर म्हणत, हे काम एका बाईने एका वाक्यात करून दिलं. आई अजूनही फोनवर विचारते, "ते नाडीवाले मास्तर बरे हायेत का?"

आता जे झालं त्याकडे यायला हवं.

पट्ट्याला नीट ठोका सापडला नाही की त्याच्या छोट्या पडद्यावर आकड्याऐवजी तीन रेघा येत. हात हलला, पट्टा सैल झाला, हात गार असला की रेघा. एकदा प्राचार्य एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी पट्टा बांधला आणि हातवारे करत बोलू लागले. पडद्यावर रेघाच रेघा. प्राचार्य हसून म्हणाले, "बंद पडलं वाटतं." पाहुणेही हसले. सरांचे कान लाल झाले. ते गेल्यावर सर गौरवला म्हणाले, "रेघा काढून टाक. नवीन आकडा सापडेपर्यंत मागचा राहू दे."

"सर, मागचाच दिसत राहील ना मग?"

"दोन-चार सेकंदाचा प्रश्न हाये. लोकायले रेघा पाहवत नाहीत."

गौरवने तसं केलं. पट्टा एकदम शहाणा दिसू लागला. प्राचार्य खूश झाले आणि हिवाळ्यात बाळापूर तालुक्यातल्या एका गावात आरोग्य शिबिर ठरलं. तिथे पट्टे गावातल्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्यसेविकांच्या हाती द्यायचे, त्यांनी ते घरोघरी वापरायचे. सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. गाडीत बसताना मी त्यांना पहिल्यांदाच इस्त्रीच्या शर्टात पाहिलं.

शाळेच्या ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस, तरी बाया बऱ्याच आल्या होत्या. प्राचार्यांचं भाषण झालं. आशाताईंनी पट्टे घेतले आणि तिथल्या तिथे बायांच्या हातावर बांधायला सुरुवात केली. पहिल्याच रांगेत एक म्हातारी आजी बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून. आजींच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वरपर्यंत हिरवं गोंदण होतं. एकावर तुळस, दुसऱ्यावर ठिपक्यांची नक्षी आणि नाव. माझ्या आजीच्या हातावरही तसंच होतं. लहानपणापासून इतकं पाहिलेलं, की ते काही निराळं आहे असं मनातही आलं नाही.

आजींच्या पट्ट्यावर बहात्तर आकडा होता. आशाताईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आजी सुनेला म्हणाल्या, "पाह्य. मले हंडा उचलला तं दम लागते, रातच्याले बसून राहा लागते. पन हे म्हणते चांगली हाओ. मंग चांगलीच असन. तू उद्यापासून म्हणशीन, वावरात चाल."

"मी कवा म्हटलं आत्याबाई?" सून लाजून हसली. सगळ्या हसल्या.

सर हसले नाहीत. ते ओसरीच्या कडेला उभे होते, तिथून चालत आले आणि आजींच्या समोर सतरंजीवर बसले. "आजी, हात पाहू का?"

"पाह्य ना बापू. माहा हात काय लपवाचा हाये?"

सरांनी तीन बोटं ठेवली. मी त्यांना एखाद्या बाईचं मनगट धरताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सवयीने वर बघितलं, पण ओसरीवर घड्याळ नव्हतं. मग डोळे मिटून घेतले. बराच वेळ ते तसेच बसले. पुढे त्यांनी आम्हाला सांगितलं, दोन ठोके पळत आले, एक अडखळला, मग काहीच नाही, मग तीन एकावर एक. कशाचा कशाला मेळ नव्हता. आणि पट्ट्यावर बहात्तर. तो आकडा जागचा हललाही नाही.

"शेठजी," त्यांनी हाक मारली. "हा आकडा कोणाचा हाये?"

"आजींचा, सर."

"आजीचा नाही. कोणाचा हाये?"

गौरवने पट्ट्याकडे पाहिलं, आजींच्या हाताकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "माझा असेल सर. सकाळी निघताना सगळे पट्टे मी माझ्या हातावर तपासले होते."

मग सगळं माझ्या लक्षात आलं. बांगड्यांमुळे आम्ही पट्टा वर सरकवला होता, आणि वर नेमकं गोंदण होतं. हिरवा उजेड त्या शाईतच विरून जात होता. पट्ट्याला आजींचा एकही ठोका दिसला नव्हता. म्हणून त्याने मागचा आकडा धरून ठेवला होता. आजी मघापासून गौरवच्या ठोक्यांवर चांगल्या होत्या.

सरांनी पट्टा सोडला आणि गोंदणावरून अंगठा फिरवला. आजींना वाटलं त्यांना ते आवडलं. "माह्या मायनं गोंदवलं. सोनं चोर नेते बापू, गोंदण कोन नेते?"

सर उठले. त्यांनी प्राचार्यांच्या हातातून माईक घेतला. "नीट ऐका. हा पट्टा चुकला. त्याले दिसत नव्हतं, तं दिसत नाही असं त्यानं म्हणायले पाहिजे होतं. मीच त्याले तसं म्हणू देल्लं नाही. सगळ्यायनं पट्टे काढा. आन आजी, तुमी आता आमच्यासोबत अकोल्याले दवाखान्यात चाला."

प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो सर, गोंदण असलेल्यांचेच परत घ्या ना. बाकीच्यांवर चालतोय की."

"आज गोंदण सापडलं. उद्या काय सापडन ते मले माहीत नाही. तुमाले हाये का माहीत?"

प्राचार्यांच्या गाडीचं दार जरा जोरात लागलं तेवढं ऐकू आलं.

दिलेली वस्तू परत मागणं इतकं अवघड असतं, मला माहीत नव्हतं. बाया कुरकुरू लागल्या. "देल्लं आन लगेच वापस?" एका तरुण बाईने हात पदराखाली घेतला. "माह्यावर तं बराबर दाखवून राहिलं. मी नाही देत."

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, उद्या यानं तुह्या हातावर दुसऱ्याचे ठोके दाखवले, तं तुले कसं कळन?"

तिने पट्टा काढून आमच्या पिशवीत टाकला. "घ्या. लग्नातला आहेर वापस नेल्यावानी करता."

सर म्हणाले, "तसंच हाये ते."

पुढचं थोडक्यात सांगते. आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, अकोल्याच्या दवाखान्यात ते लगेच कळलं आणि औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आजी आता वावरात जात नाहीत, ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलतात. सरांकडून काम काढून दुसऱ्या विभागाला दिलं गेलं. त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला नाही. झाला असता तरी ते आले असते असं वाटत नाही, त्यांची गाडी चुकली असती. गौरवने आणि मी आमच्या अहवालात पट्टा कोणत्या हातांवर चालत नाही ते पहिल्या पानावर लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, "मग फलित काय?" मी अडखळत तेच पुन्हा सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. पास झालो.

सरांना लोक आता विक्षिप्त म्हणतात. हाती आलेलं काम स्वतःच्या हाताने मोडलं, असंही म्हणतात. मी वाद घालत नाही, मला तो नीट घालता येत नाही. मला फक्त त्या दिवशीचा बाळापूर ते अकोला रस्ता आठवतो.

आजी जीपमध्ये पुढे चालकाशेजारी बसल्या होत्या. मागच्या सीटवर सर आणि मी. त्याच्या मागे गौरव आणि आजींची सून, दोघांमध्ये पट्ट्यांची पिशवी. सर पुढे वाकले होते. दोन सीटांच्या फटीतून त्यांनी हात घातला होता आणि त्यांची तीन बोटं आजींच्या मनगटावर, गोंदणाच्या खाली, अगदी अंगठ्याच्या मुळाशी होती. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं कपाळ सीटवर आपटायचं, पण हात सुटला नाही.

गौरव मागून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही मोजा, मी लिहून घेऊ का?"

"नको. आता मोजून नाही राहिलो."

जीप एका बैलगाडीला मागे टाकून पुढे गेली. मला वाटलं आजींना झोप लागली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"मोजून नाही राहिला, तं मंग हात काहून धरला रे बापू?"

सर म्हणाले, "भेव वाटून राहिलं आजी."

"कोनाले? मले तं नाही वाटत."

"मले."

आजींनी डोळे उघडले नाहीत. सरांना इतकं वाकावं लागू नये म्हणून त्यांनी आपला हात थोडा मागे सरकवला.